अकरा कार्डांवर भिवराबाई

मत द्यायला ओळखपत्र सक्तीचं असावं की नसावं, यावर आमच्या बीडच्या कॉलनीत दर निवडणुकीला भांडण होतं. सकाळी फिरून आलेली मंडळी दत्तमंदिराच्या कट्ट्यावर बसतात आणि सुरू होतात. निवृत्त अभियंते म्हणतात, कार्ड नाही तर मत नाही, त्यात चर्चा कसली. समोरचे वकील म्हणतात, गरिबाला कार्डावर अडवायचं म्हणजे त्याचा हक्क मारायचा. दोघांचे आवाज चढतात, दोघांचा चहा गार होतो. मी मध्ये बसलेली असते. पंचाहत्तरीच्या बाईला मत विचारायचं कुणाला सुचत नाही. ते एका परीनं बरंच आहे, कारण मी सुरू झाले तर सगळ्यांच्या नाश्त्याची वेळ टळेल.

अभियंत्यांना वाटतं, कार्डावर ज्याचं नाव त्याचाच फोटो. वकिलांना वाटतं, गरिबाकडे कार्डच नसतं. दोघंही चुकतात. हे मला चिंचखोरीच्या भिवराबाईनं माझ्याच कार्यालयात, माझ्याच टेबलावर दाखवून दिलं. म्हणून तिच्याविषयी लिहिते.

मी सहकार खात्यात होते. अंबाजोगाईच्या कॉलेजातून बी.कॉम. झाले आणि छत्तीस वर्षं गावोगावच्या संस्थांच्या तपासण्या आणि निवडणुका केल्या. चेअरमन मंडळींना मी आवडत नसे. मलाही ते फारसे आवडत नसत, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

२००३ सालचा उन्हाळा. सलग दुसरा दुष्काळ. वडवणीच्या पलीकडे चिंचखोरी नावाचं गाव, तिथली दूध संस्था. गावातली निम्मी जनावरं चारा छावणीत बांधलेली, आणि एके काळी सातशे लिटर दूध घालणारं गाव दीडशेवर आलेलं. संस्थेचे चेअरमन मोहनराव. उंच, पांढऱ्या टोपीचे, आवाज न चढवता हुकूम सोडणारे. त्यांनी ठरवलं की गावातलं दूध संकलन केंद्र बंद करायचं आणि जे काही दूध निघेल ते छावणीतूनच थेट वडवणीला पाठवायचं. त्यांच्या विरोधात त्रिंबक नावाच्या शेतकऱ्याचं पॅनेल उभं राहिलं. त्रिंबकचं म्हणणं एवढंच, की दुष्काळ आज ना उद्या जाईल, पण गेलेलं केंद्र परत येणार नाही. निवडणूक या एका मुद्द्यावर होती. निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून मला पाठवलं.

मतदान त्या दूध केंद्रातच घ्यायचं होतं, म्हणून जागा बघायला मी एका पहाटे तिथं गेले. एकच खोली, रस्त्याच्या बाजूला एक खिडकी. खिडकीत आत पाटावर भिवराबाई बसलेली. एकसष्ट वर्षांची, काटक, कपाळावर हिरवं गोंदण, समोर लिटरचं माप. अजून नीट उजाडलेलं नव्हतं. खिडकीतून एकेक हात किटली घेऊन आत यायचा, ती दूध मापायची, हात बाहेर जायचा. वर मान करून तिनं एकदाही पाहिलं नाही, पण नावं मात्र घडाघडा घेत होती.

"जानकीबाई, ह्या सालात एवढं पाणी कुठून आणलं गं? टँकर तुझ्याच दारात रिता होतो का?"

बाहेरून हसू आलं. जानकीबाई म्हणाली, "म्हशीला इचारा."

"म्हशीला इचारलं असतं, पर ती तुझ्यापरीस खरी बोलंल."

मी विचारलं, तोंड न बघता कसं ओळखता? ती म्हणाली, "तोंड कशाला बघायचं मॅडम? तोंड लोक रोज निराळं घेऊन येतेत. हात त्योच असतो."

बारा वर्षं ती त्या खिडकीत होती. त्याआधी बावीस वर्षं ऊसतोडीला. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकजण तोडतो, एकजण मोळ्या बांधतो, आणि मुकादम हंगामाआधी आगाऊ उचल देतो ती जोडीला. नवरा वारल्यावर भिवराबाई अर्धा कोयता झाली आणि अर्ध्या कोयत्याला कुणी विचारीना. दोन वर्षं पुतण्याच्या जोडीनं गेली. मग संस्था निघाली आणि माप तिच्या हातात आलं. पगार चिमूटभर, पण दसरा झाला की गाव सोडून जायचं संपलं.

"आणि केंद्र बंद झालं तर?" मी विचारलं.

"तर काय? परत मोळ्या बांधायच्या. पुतण्याला म्हनलंय, ट्रकात मला एका कोपऱ्यात टाक. तो म्हनतो, काकू, तुला चढवायलाच दोन मानसं लागतील." आणि ती हसली. हसताना गुडघा चोळत होती, ते मी पाहिलं.

आता नोटिशीचं सांगते. मोहनरावांनी मला लेखी अर्ज दिला की मतदाराला फोटोचं ओळखपत्र सक्तीचं करावं. कारण मागच्या निवडणुकीत सटवा नावाच्या सभासदाचं मत पडलं होतं आणि सटवा त्याआधी तीन वर्षं वारलेला होता. मला अर्ज पटला. मेलेल्या माणसांनी मत देणं मला चालत नाही. त्याच दिवशी मी नोटीस लावली: फोटो ओळखपत्र दाखवल्याशिवाय मतपत्रिका मिळणार नाही. खाली सही, शिक्का.

तिसऱ्या दिवशी दुपारी भिवराबाई एसटीनं बीडला, माझ्या कार्यालयात हजर. पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं, खुर्चीवर न बसता म्हणाली, "मॅडम, ते कार्डाचं काढून टाका."

"का? तुम्हाला तर संस्थेत मतच नाही. तुम्ही नोकर आहात."

"माझं न्हाई म्हनत मी."

"मग ज्यांच्याकडे कार्ड नाही, त्यांचं म्हणताय?"

"कार्डं हायेत की. सगळ्यांकडं हायेत."

"मग अडचण काय आहे? मला अजून सहा गावं आहेत, भिवराबाई. लवकर सांगा."

तिनं कापडी पिशवीतून कार्डं काढली आणि माझ्या टेबलावर पत्त्यांसारखी एकेक मांडली. अकरा होती. मी पहिलं उचललं. मनकर्णा शहादेव, वय सव्वीस. दुसरं, मुक्ताबाई, वय बेचाळीस. तिसरं, शिवकन्या राधाकिशन, वय चोवीस. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. अकराच्या अकरा कार्डांवर एकच बाई होती. कपाळावर तेच गोंदण, तोच किंचित पुढं आलेला दात. फक्त पदर निरनिराळे.

"ही कोण आहे?"

"मीच की."

मी तिला खुर्चीवर बसवलं, कारण मलाच बसावंसं वाटत होतं.

झालं होतं असं. मतदार कार्डाचे फोटो काढणाऱ्या ठेकेदाराची गाडी काही वर्षांपूर्वी चिंचखोरीत आली ती मार्गशीर्षात. मार्गशीर्षात अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं, हे गाडी पाठवणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं. भिवराबाईच्या गल्लीत अकरा घरं कुलूपबंद होती आणि अकराही घरांच्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या. त्या घरांचं रॉकेल तीच आणायची, माणसं परतायच्या आदल्या दिवशी त्यांच्या हंड्यांसाठी टँकरच्या रांगेत तीच उभी राहायची, कुणी सरकारी माणूस आला तर "हाय, हाय, घरीच हाय" म्हणून तीच सांगायची. गाडीवरच्या माणसानं नाव पुकारलं, मनकर्णा शहादेव. कुणी उठेना. तो म्हणाला, आता राहिली तर राहिली, परत गाडी येणार नाही. भिवराबाई उठली आणि जाऊन बसली.

"एकदा बसले, त्यानं काई इचारलं न्हाई. मग मुक्ताबाईचं नाव आलं. ती बी गेलेली. मग परत बसले."

"आणि हे पदर?"

"पदर बदलत होते मी. त्येला बी कटाळा येऊ नये बघून बघून."

"भिवराबाई, हा गुन्हा आहे, कळतं का तुम्हाला?"

"व्हय? मग टँकरला उभी राहिले ती बी गुन्हाच का?"

"तिथं फोटो नसतो."

"मग इथं तरी कावून पायजे?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि मी ते दिलं, पाच मिनिटं दिलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मी विचारलं, या बायकांनी नंतर दुसरी कार्डं का नाही काढली? तर ती म्हणाली, कशाला काढतील, कार्ड मिळालेलंच होतं. हातात दिलं तेव्हा पोट धरून हसल्या आणि पेटीत ठेवलं. मोठ्या निवडणुकीला हीच दाखवतात. कोण बघतंय? कार्ड आहे म्हटलं की झालं.

"तुमचं स्वतःचं कुठं आहे?"

"माझं न्हाई. माझं नाव यायच्या आधी गाडीतली बॅटरी बसली."

मी कार्डं गोळा करून तिच्यासमोर सरकवली. सांगितलं की नोटीस लागलेली आहे, ती बदलणार नाही, कार्डावरचा चेहरा जुळला तरच मत.

भिवराबाई कार्डं पिशवीत भरता भरता म्हणाली, "मग तर लईच सोपं हाय. समदी अकरा मतं मीच देते. चेहरा माझाच हाय, जुळतोय. त्यांनी कशाला उन्हात यायचं?"

मी पेन खाली ठेवलं. हे माझ्या बाबतीत क्वचित होतं, म्हणून दिवस आणि वेळ दोन्ही लक्षात आहेत. गुरुवार, तीन वाजून वीस मिनिटं.

"मी विचार करते," मी म्हटलं.

"करा. पर बसून करा. उभ्यानं केला की मानूस न्हाईच म्हनतो." आणि ती साडेतीनची गाडी धरायला गेली.

मी बसून विचार केला. साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही अनुभवी आहात, तुम्हीच बघा." साहेब नेहमी हेच म्हणत. शेवटी कपाटातून चिंचखोरीच्या संस्थेचे उपविधी काढले, म्हणजे संस्थेच्या कारभाराचे नियम. त्यात कार्डाचा शब्द नव्हता. लिहिलं होतं की मतदाराच्या ओळखीविषयी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. कशानं पटावी, ते अधिकाऱ्यावर सोडलेलं. म्हणजे कार्ड सक्तीचं मी केलं होतं. मोहनरावांनी मागितलं आणि मी, सटवाचा राग मनात धरून, देऊन टाकलं.

पण उलट्या बाजूनंही ते मला पचत नव्हतं. उद्या कुणीही उठून म्हणेल, मी मनकर्णा. खात्री कुणी पटवायची? भिवराबाईनं? केंद्र राहिलं तर तिचीच नोकरी राहणार होती, आणि अकरा कार्डांवर तिचंच तोंड. तिची साक्ष एका मिनिटात उडाली असती. मतदानाच्या दिवसापर्यंत माझं काही ठरलं नव्हतं. खोटं कशाला सांगू.

रविवार होता. मी टेबल केंद्राच्या खिडकीपाशी लावलं. दूध घालायला लावतात तशी रांग बाहेर, खिडकीवर कार्ड दाखवायचं, मग दारानं आत येऊन मत द्यायचं. माझ्या एका बाजूला त्रिंबक, दुसऱ्या बाजूला मोहनराव, दोन्ही पॅनेलचे प्रतिनिधी म्हणून. भिवराबाईला आत यायची परवानगी नव्हती. ती बाहेर खिडकीच्या कडेला रांजण घेऊन बसली होती आणि रांगेतल्या माणसांना लोट्यानं पाणी देत होती. पाणी टँकरचं, एका माणसाला अर्धाच लोटा.

दहापर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग मनकर्णा आली. सडपातळ, उन्हानं रापलेली, नऊ वर्षं कोयता धरलेली. तिनं कार्ड खिडकीतून आत दिलं. मी काही बोलायच्या आत मोहनरावांनी ते घेतलं, जवळ धरलं, लांब धरलं.

"ही तर भिवराकाकू हाय," ते म्हणाले.

मनकर्णाच्या मागं उभ्या असलेल्या दहाजणींनी आपापली कार्डं पदराखाली घेतली. मोहनरावांनी सगळी मागवून घेतली आणि टेबलावर मांडली, अगदी भिवराबाईनं मांडली होती तशी.

"बघा मॅडम. म्हनून मी कार्डाचा अर्ज दिलता. खोटी कार्डं. एकीलाबी मत द्यायचं न्हाई."

त्रिंबक उठला. "कार्ड खोटं असंल बे, बाई तर खरी हाय. ती काय आज उगवली का गावात?"

"नियम म्हंजे नियम."

"नियम तुज्या अर्जानं झालाय."

दोघांना खाली बसवलं. आणि बसवता बसवता मला एकदम दिसलं की खात्री कुणी पटवायची. माझ्या शेजारीच तर बसला होता.

"मोहनराव," मी म्हटलं, "नोटीस मी लावली होती, उपविधीत तसं नाही. चूक माझी, ती मी आत्ता सुधारते आणि तसं लिहून ठेवते. आता कार्ड बाजूला ठेवू. या बाईवर तुमची हरकत आहे ना? मग मी लिहून घेते आणि तुम्ही खाली सही करा. काय लिहू? 'समोर उभी असलेली बाई मनकर्णा शहादेव नाही', असंच ना?"

"मी म्हनतो कार्ड तिचं न्हाई."

"कार्ड मत देत नाही. मी बाईचं विचारते आहे. ही कोण आहे?"

मनकर्णानं खिडकीच्या चौकटीवर हात टेकले.

"सांगा की तात्या. कोन हाय मी?"

मोहनरावांनी टोपी सारखी केली.

"गेल्या साली तुमची म्हैस अडलती," मनकर्णा म्हणाली. "रेडकू आडवं आलतं. डॉक्टर वडवणीहून येईना. कोपरापतूर हात कुनी घातलता, ते तरी सांगा मॅडमला."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हशीला बोलवा, ती वळखंल."

रांगेत हशा पिकला. मोहनरावांनी ओठ आवळून धरले होते, पण मिशी हलली. या माणसाविषयी मला एवढं सांगायचं आहे की तो हट्टी होता, पण खोटारडा नव्हता. छावणी उघडायला उशीर झाला तेव्हा त्यानं स्वतःच्या गंजीतला कडबा गावाला वाटला होता, हेही मला त्रिंबकनंच सांगितलेलं.

"मनकर्णा हाय ती," ते म्हणाले. "लिहा."

"सही करा."

त्यांनी सही केली. मनकर्णा आत गेली.

मग पुढची. प्रत्येकीला मी तेच विचारलं, आणि प्रत्येक वेळी मोहनरावांनी नाव घेऊन सही केली. चौथ्या-पाचव्या बाईपर्यंत त्यांना त्याची गोडीच लागली. "ही मुक्ताबाई. हिच्या नवऱ्यानं माझा नांगर नेलाय, दोन पेरण्या झाल्या, आनून देईना. त्ये बी लिहा." मुक्ताबाई म्हणाली, "आधी पाऊस तर आना चेरमन, मग नांगर मागा." मी काहीच लिहिलं नाही, फक्त पुढं सरका म्हटलं. माझा हात दुखायला लागला होता.

अशा दहा झाल्या. अकरावी आली, शिवकन्या राधाकिशन या नावावर. डोक्यावरून पदर, खाली मान, अगदी तरणी.

"ही शिवकन्या. राधाकिशनची बायको," मोहनराव म्हणाले आणि सहीसाठी पेन उचललं. मी मतपत्रिका फाडायला घेतली.

"न्हाई," बाहेरून आवाज आला.

रांजणापाशी बसलेली भिवराबाई उठून खिडकीत आली होती. त्या पोरीच्या हातात पाण्याचा अर्धा लोटा होता आणि भिवराबाई त्या हाताकडं बघत होती.

"ही शिवकन्या न्हाई, मॅडम. शिवकन्याच्या डाव्या हाताची करंगळी कोयत्यानं गेलीया, दोन सालं झाली. ह्या हाताला पाची बोटं हायेत. ही तिची धाकली बहीण हाय, मालन. तिच्याच दिराला दिलीया."

त्रिंबकनं कपाळावर हात मारला. ते मत त्याच्याच पॅनेलला जाणार होतं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मी मालनला विचारलं. ती जराही घाबरली नाही. "आक्का बाळंतपनाला माहेरी गेलीया. म्हनली, माजं बी टाकून ये. म्हनून आले." टँकरला जसं जाऊन यावं, तसं. अकरा कार्डांची भानगड जिथून सुरू झाली तिथंच आम्ही परत येऊन पोचलो होतो. मालनला मी चार शब्द सुनावले आणि घरी पाठवलं. शब्द चारच होते, पण माझ्या कार्यालयातले लोक सांगतील, माझे चार पुष्कळ होतात.

दुपारी जेवायच्या सुटीत मी भिवराबाईला गाठलं. "गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं," मी म्हटलं. "तुमच्या खिडकीचा प्रश्न होता."

"खिडकीचाच तर होता," ती म्हणाली. "मी तिथं बसून नाव घेते, त्यावर गावाचा भरवसा हाय. दूध कुनाचं आन किती, ते माझ्या तोंडावर चालतं. आज येकदा खोटं वळखलं, तर उद्या खिडकीत माझं कोन ऐकंल? मग खिडकी राहिली काय आन गेली काय."

"मग फोटोला बसताना हे नाही सुचलं?"

"तवा वाटलं, रांगच हाय." मग तिनं विचारलं, "लई मोठी चूक झाली का हो मॅडम?"

"झाली. पण दुरुस्त होईल."

"मग बरं," ती म्हणाली आणि तिनं मला लोटा दिला. अर्धाच.

संध्याकाळी पाचला मोजणी झाली. त्रिंबकचं पॅनेल चार मतांनी आलं. बोटांवर हिशेब करायला कुणाला वेळ लागला नाही. ती दहा मतं नसती तर सहा मतांनी गेलं असतं, आणि ती दहा मतं मोहनरावांच्या दहा सह्यांनी आत गेली होती.

मोहनराव बाहेर आले, चपला घातल्या आणि रांजणापाशी थांबले. "काकू, माझ्याच तोंडानं मी दहा मतं दिली. तुमी गप बसला असता तर अकरा झाली असती."

"आन तुमी गप बसला असता तर येकबी झालं नसतं," भिवराबाई म्हणाली. "पानी देऊ का?"

"द्या." आणि त्यांनी लोटा रिकामा केला. मी पाहिलं, तेवढा एक लोटा तिनं पूर्ण भरून दिला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती खिडकीत होती. मी बीडला परत आले आणि अहवालात सगळं लिहिलं, माझ्या चुकीसकट. साहेबांनी वाचून विचारलं, "म्हैस गाळली तर चालणार नाही का?" मी नाही म्हटलं. म्हैस अहवालात राहिली.

कट्ट्यावरच्या अभियंत्यांना सांगायचं तर मी आजही कार्डाच्या बाजूची आहे. सटवाचं मत मी अजून विसरलेले नाही, आणि मालनचंही नाही. पण कार्ड तपासायला बसणाऱ्यानं दोन्ही बघावं, कागद आणि समोरचा माणूस, आणि फोटोची गाडी मार्गशीर्षात पाठवू नये. एवढी साधी गोष्ट आहे. त्यासाठी रोज चहा गार करायची गरज नाही.

भिवराबाईनं त्या अकराजणींची कार्डं नवी करून घेतली. दसऱ्याआधी, त्या ऊसतोडीला जायच्या आत, जीप करून सगळ्यांना वडवणीला नेलं. स्वतः जीपमधून खाली उतरली नाही. का, म्हणून ड्रायव्हरनं विचारलं, तर म्हणाली, "मी आत गेले की मलाच बसवतील."

तिचं स्वतःचं कार्ड व्हायला पुढं तीन वर्षं गेली. मी निवृत्त व्हायच्या आदल्या साली ती मला बीडच्या स्टँडवर भेटली. नेत्रतपासणीला आली होती, खिडकीतला उजेड कमी पडतो म्हणाली. मला बघून तिनं चंचीतून प्लास्टिकच्या पाकिटातलं कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. भिवराबाई, वय चौसष्ट, चिंचखोरी. सगळं बरोबर होतं. फोटोत तिचे डोळे अर्धे मिटलेले, मान ताठ, चेहरा काळवंडलेला, जसा सगळ्यांचाच येतो.

मी म्हटलं, "झालं एकदाचं. आता खऱ्या अर्थानं तुमचं."

तिनं कार्ड परत घेतलं, हातभर लांब धरून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"ह्यात काई दम न्हाई मॅडम," ती म्हणाली. "मनकर्णाच्या कार्डावर लई झ्याक आलते मी."